‘इसागियोइ’ म्हणजे स्वच्छ नव्हे

कात्रज-धनकवडीत कॉलेजच्या मुलांची वस्ती दाट, आणि त्यांतले अनेकजण जपानी शिकतात. पुण्यात जुलै आणि डिसेंबरमध्ये जपानी भाषेची जेएलपीटी परीक्षा होते. तिच्या सर्वांत वरच्या एन-वन पातळीच्या अभ्यासात ‘इसागियोइ’ हे विशेषण भल्याभल्यांना अडवतं.

त्याची कांजी (चिनी वळणाचं अक्षरचिन्ह) ‘सेइकेत्सु’, म्हणजे स्वच्छ, या शब्दातलीच. म्हणून मुलं ते सरळ खोलीला नाहीतर स्वयंपाकघराला लावतात. जुन्या जपानीत हे विशेषण निर्मळ या अर्थानं येई, हे खरं. पण आजच्या बोलण्यात आवरलेली खोली ‘किरेइ’ असते. इसागियोइ असतो तो माणूस किंवा त्याचं वागणं. कात्रजच्या मैदानावर टेनिस बॉलचा सामना चालू आहे. चेंडू बॅटची कड घेऊन कीपरकडे जातो, पंचाला काहीच ऐकू आलेलं नाही, तरी फलंदाज बॅट काखेत मारून चालू लागतो. तो इसागियोइ. उलट, पडलं तरी नाक वर ठेवणाऱ्याला हा शब्द कधीच मिळत नाही.

‘लवकर हार मानणारा’ हा अर्थही चुकीचा. त्यासाठी ‘आकिरामे गा हायाइ’ आहे. इसागियोइमध्ये कौतुक आहे, आणि ते फक्त सामुराईंसाठी राखीव नाही. ‘इसागियोकु आयामारु’ म्हणजे सबबी न सांगता माफी मागणं. हे ऑफिसातही घडतं.

‘इसागि’ अधिक ‘योइ’ (चांगला) अशी फोड तर सर्रास होते. मग ‘योइ’चं बोलीतलं ‘इइ’ करून ‘इसागि-इइ’, आणि नकारासाठी ‘इसागि-नाइ’. दोन्ही चूक. हे अख्खं एकच विशेषण आहे आणि त्याचा नकार ‘इसागियोकुनाइ’. लिहितानाही कांजीपुढे हिरागाना या जपानी लिपीतला एकटा ‘इ’ येतो.

खरा सापळा आहे ‘इसागियोशि तो शिनाइ’. शेवटी ‘नाइ’ दिसतं, म्हणून मुलं ‘हा माणूस सरळ नाही’ असं उत्तर देऊन मोकळी होतात. अर्थ नेमका उलटा आहे: एखादी गोष्ट करणं त्याच्या मनाला पटत नाही, स्वाभिमानात बसत नाही. वशिल्यानं मिळणारी नोकरी घेणं एखाद्याला ‘इसागियोशि तो शिनाइ’ असेल, तर तो ती नाकारणारा ताठ कण्याचा माणूस आहे. ‘इसागियोशि’ हे अभिजात जपानीतलं रूप याच ठरीव प्रयोगात टिकून आहे, त्यामुळे ते सुटं वापरायला जाऊ नये. उताऱ्यात ते दिसलं, की ‘नाइ’वर उडी न मारता आधी बघावं: माणूस नाही म्हणतोय ते कशाला?