मस्तकांची अदलाबदल : एका वेताळकथेचे प्रौढ रूप

अद्भुतकथा प्रौढांसाठी नव्याने लिहिली जाते, तेव्हा तिच्यात नेमके काय बदलते, याचा विचार एका उदाहरणाच्या आधारे येथे करावयाचा आहे.

सोमदेवाने अकराव्या शतकात काश्मीरमध्ये रचिलेल्या 'कथासरित्सागरा'त वेताळाच्या कथा अंतर्भूत आहेत. त्यांपैकी एकीत एका स्त्रीचा पती व भाऊ देवीच्या मंदिरात आपापली मस्तके अर्पण करतात. देवी प्रसन्न होते. परंतु मस्तके जोडताना त्या स्त्रीच्या हातून त्यांची अदलाबदल होते. आता तिचा पती कोणता, असे वेताळ विचारतो. मस्तक हा सर्व अवयवांत श्रेष्ठ, म्हणून ज्या धडावर पतीचे मस्तक तोच पती, असे राजा सांगतो. वेताळ झाडावर परततो आणि कथा संपते. 'चांदोबा' वाचीत वाढलेल्यांच्या मनावर हा साचा पक्का ठसलेला आहे.

टॉमस मान या जर्मन कादंबरीकाराने १९४० साली याच कथेवर लघुकादंबरी लिहिली. तीत भावाच्या जागी मित्र आला, आणि वेताळाचा बुद्धीला घातलेला पेच वासनेचा पेच झाला. माथेरान येथे जन्मलेले गिरीश कार्नाड यांनी मानच्या आधाराने कन्नडमध्ये 'हयवदन' (१९७१) लिहिले, चिं. त्र्यं. खानोलकरांनी ते मराठीत आणिले.

या नाटकातही ऋषी राजाचेच उत्तर देतो. फरक एवढाच, की येथे कथा उत्तरापाशी थांबत नाही. पंडित देवदत्ताला बलवान कपिलाचे धड लाभते. पण व्यायाम सुटताच ते धड मऊ पडते. तालमीच्या या गावात, मेहनत थांबली की शरीर उतरते, हे निराळे सांगावयास नको. उलट, कपिलाच्या मस्तकाखालचे देवदत्ताचे धड अरण्यात राकट बनते. मस्तकाचा विजय होतो खरा. परंतु धडाच्या आठवणी कपिलाला छळीत राहतात. पद्मिनीच्या पोटातील मूल या देहाचे आहे, हा त्याचा दावा ऋषीच्या निर्णयाने खोडला जात नाही. अखेर दोघे मित्र परस्परांना मारतात आणि पद्मिनी सती जाते.

भाषेच्या दृष्टीनेही हा प्रश्न विचारार्ह आहे. अदलाबदलीनंतर 'देवदत्त' हे नाम आपण सहजच मस्तकास जोडतो. म्हणजे आपला नामव्यवहार राजाच्या बाजूचा असतो. तथापि आपण 'माझा हात' म्हणतो, तसेच 'माझे डोके' असेही म्हणतो. ज्याचे ते डोके, तो 'मी' कोण? षष्ठीचा प्रत्यय दोन्ही ठिकाणी एकच आहे आणि मस्तकाला तो कोणतेही श्रेष्ठत्व देत नाही. राजाच्या निर्णयाला व्याकरणाचा आधार नाही.

म्हणून अशा पुनर्लेखनांचा अभ्यास करताना पात्रे व प्रसंग किती बदलले याची केवळ यादी करून भागणार नाही. मूळ कथेने कोणत्या उत्तरावर समाधान मानिले आणि त्या उत्तराची किंमत नव्या लेखकाने कोणाकडून वसूल केली, हे प्रथम पाहावे. 'हयवदना'त ती किंमत तिघांनी प्राण देऊन भरली; मागे उरले ते एक पोरके मूल.