जंगल सरकारी, म्हणजे तंबू कुठेही?

दिवाळी सरली, थंडी पडली की डोंगरपायथ्याच्या गावांत एक चौकशी सुरू होते. बुलढाणा जिल्ह्याच्या मोताळा तालुक्यातलं धामणगाव बढे त्यातलंच. दुचाकीच्या मागे गुंडाळलेला तंबू, पाठीवर बॅगा, टपरीवर कट चहा आणि ठरलेला प्रश्न: वर डोंगरात मुक्कामाला झकास जागा कुठे सापडेल? परवानगी काढली का, असं कुणी विचारलंच तर उत्तरही ठरलेलं: "जंगल सरकारी आहे ना? म्हणजे सगळ्यांचंच!"

कलेक्टर कचेरीही सरकारीच असते; तिच्या व्हरांड्यात कुणी पथारी पसरत नाही. पण जंगल म्हटलं की शिकलेल्या माणसाचंही डोकं वेगळं चालतं. वर्षानुवर्षं समजावून सांगावं आणि पुढच्या हिवाळ्यात तेच वाक्य नव्या तोंडून ऐकावं, असा हा प्रकार आहे.

हा समज आला कुठून, ते शोधायला लांब जावं लागत नाही. मोबाइलवर दिसणारे बहुतेक व्हिडिओ अमेरिकेतले असतात. तिथल्या नॅशनल फॉरेस्टमध्ये आणि सरकारी माळजमिनींवर बऱ्याच ठिकाणी आखीव कॅम्पिंग ग्राउंड सोडून, नळ-शौचालयाविना, आपापली जागा शोधून राहता येतं. मुदत साधारण १४ दिवसांची असते. नॉर्वेत १९५७ च्या कायद्याने माणसांना मोकळ्या रानात वावरायचा हक्कच दिला आहे. तंबू राहत्या घरापासून किमान १५० मीटर दूर हवा आणि दोन दिवसांपेक्षा जास्त राहायचं तर मालकाला विचारायचं, असे त्याचे नियम आहेत. म्हणजे तिथेही 'कुठेही, कसंही' नाहीच. पण मूळ मुद्दा असा की तो हक्क त्या त्या देशाच्या कायद्याने दिला म्हणून आहे. व्हिडिओसोबत कायदा इकडे येत नाही.

आपला कायदा आहे १९२७ चा, भारतीय वन अधिनियम. इंग्रजांनी तो लाकूड आणि महसूल राखण्यासाठी केला आणि त्याची बैठक नेमकी उलटी आहे. राखीव वनात जे स्पष्टपणे करू दिलं आहे तेवढंच चालतं, बाकी सगळं बंद. कलम २६ वाचून पाहावं. राखीव वनात विनापरवाना शिरणं हा गुन्हा. वन अधिकाऱ्याने मोकळीक दिलेला हंगाम सोडून विस्तव पेटवणं, ठेवणं किंवा नुसता सोबत नेणं हाही गुन्हा. वनोपज गोळा करणं, जमीन साफ करणं हेही त्यातच. आता तंबूवाल्यांची एक साधी रात्र डोळ्यांपुढे आणा: आत शिरले, झुडपं तोडून जागा केली, काटक्या गोळा केल्या, शेकोटी पेटवली. एका रात्रीत कलमाची निम्मी पोटकलमं झाली! संरक्षित वनात नियम थोडे सैल असतात, तिथे मनाई केलेल्या गोष्टी बंद आणि बाकी चालतं; पण आपण उभे आहोत ते वन राखीव की संरक्षित, हे उभ्या माणसाला झाडांकडे बघून कळत नाही.

अभयारण्यात तर प्रश्नच मिटतो. बुलढाणा आणि खामगाव यांच्यामध्ये अजिंठ्याच्या रांगेत ज्ञानगंगा अभयारण्य आहे, सुमारे २०५ चौरस किलोमीटरचं, १९९७ साली घोषित झालेलं. जिल्ह्याच्या उत्तर टोकाला सातपुड्यात अंबाबरवा आहे. अशा ठिकाणी १९७२ चा वन्यजीव संरक्षण कायदा लागतो. कलम २७ प्रमाणे परवान्याशिवाय आत कुणाला जाता येतं, याची यादी छोटी आहे: कामावरचा सरकारी नोकर, आत राहायची मुभा असलेला माणूस, आत जमीनजुमल्याचा हक्क असलेला, त्यांच्यावर अवलंबून असलेली माणसं, आणि सार्वजनिक रस्त्याने पलीकडे जाणारा. 'जाणारा' असं आहे, 'थांबून मॅगी शिजवणारा' असं नाही. पर्यटनासाठी, छायाचित्रणासाठी, अभ्यासासाठी परवाना मिळू शकतो, त्याची तरतूद कलम २८ मध्ये आहे. तो आधी काढायचा असतो, पकडल्यावर नाही. आणि अभयारण्यात कचरा टाकणं हाही याच कायद्याने गुन्हा आहे, हे रिकाम्या बाटल्या बघून कुणाला वाटणार नाही.

यावर शेवटचा बचाव येतो तो असा: "इकडे काय, वाघ थोडाच आहे!" टिपेश्वर अभयारण्यात रेडिओ कॉलर लावलेला एक तरणा वाघ जून २०१९ मध्ये यवतमाळ जिल्ह्यातून निघाला आणि तेलंगणाचा भाग ओलांडून डिसेंबरात ज्ञानगंगेत पोचला. तोवर तो १,३०० किलोमीटरहून जास्त चालला होता, आणि ती वाट बरीचशी माणसांच्या शेतांतून गेली होती. पुढे मार्च २०२१ मध्ये टिपेश्वरचाच दुसरा वाघ छत्रपती संभाजीनगरकडच्या गौताळा अभयारण्यात कॅमेऱ्यात टिपला गेला. नकाशात बघावं: एका बाजूला ज्ञानगंगा, दुसऱ्या बाजूला गौताळा, मध्ये अजिंठ्याचा डोंगर. अर्थात वाघाची भेट हा लाखातला योग. खरी धास्ती अस्वलाची. त्याची नजर अधू, नाक तिखट, आणि अचानक समोरासमोर आलं की पळण्याऐवजी अंगावर येण्याकडे कल. दिवसा कपारीत पडून राहणारं आणि अंधारात उधई, बोरं, मोहाची फुलं धुंडाळत फिरणारं हे जनावर नेमकं त्याच वेळी बाहेर पडतं, जेव्हा तंबूतला पाहुणा टॉर्च न घेता आडोशाला जातो.

मग मुक्काम करायचाच नाही का? करायचा. फक्त जागा चुकीच्या ठिकाणी शोधली जाते.

पवना धरणाच्या काठी रांगेने लागलेले तंबू पाहून ज्यांना 'बघा, तिथे चालतं' असं वाटतं, त्यांनी एवढं ध्यानात घ्यावं की ते कॅम्प बहुतांशी खासगी जमिनीवर, पैसे घेऊन चालतात. जंगल मागे दिसतं, फोटोत छान येतं. पण तंबूची खुंटी कुणाच्या तरी सातबाऱ्यात ठोकलेली असते. आपल्या मुलखातही हाच सरळ मार्ग आहे. डोंगराला टेकलेलं, पीक निघालेलं वावर आणि त्याच्या मालकाचा होकार.

हे शहाणपण नवं नाही. मेंढपाळ पिढ्यान्‌पिढ्या उघड्यावर मुक्काम करतात. जागा शोधण्यात त्यांच्याइतकी मुरलेली माणसं दुसरी नाहीत. पण शेतात वाडा उतरतो तो आधी बोलणं करून. मेंढ्या कुणाच्या वावरात बसवायच्या, किती रात्री, खताच्या बदल्यात धान्य की पैसे, सगळं ठरलेलं असतं. ज्यांच्या घराला भिंती नाहीत ते विचारून उतरतात, आणि सुट्टीत हौसेला आलेल्यांना मात्र विचारणं जड जातं, याची गंमत वाटण्यापेक्षा चीड जास्त येते.

विचारण्यामागे नुसता शिष्टाचार नाही, जीव आहे. रानडुकरं आणि रोही रात्रीत पीक झोपवतात म्हणून शेतकरी जागलीला जातो. काहींनी झटका मशीन बसवलेलं असतं. त्याचा धक्का बसतो, माणूस मरत नाही. पण काही ठिकाणी कुंपणाच्या तारेत थेट विजेच्या लाइनचा करंट सोडला जातो. ते बेकायदेशीर आहे, आणि विदर्भात अशा तारांनी वाघही मारले आहेत आणि माणसंही. रात्री दहाला अनोळखी धुऱ्यावरून जागा शोधत फिरणाऱ्याला ती तार दिसणार नाही. मालकाला ती कुठे आहे ते ठाऊक असतं. आपल्याच शिवारातली नव्हे, शेजारच्या शिवारातलीही.

"पण मालक शोधायचा कसा?" ही सबब आता चालत नाही. महाभूलेखवर सातबारा आणि महाभूनकाशावर गटाची हद्द घरबसल्या दिसते. भोगवटादाराच्या जागी वन विभागाचं नाव असेल तर विषय संपला, पुढे मोताळ्याचं किंवा बुलढाण्याचं वन कार्यालय गाठायचं. भारतीय सर्वेक्षण विभागाचे १:५०,००० प्रमाणाचे नकाशे २०१७ पासून ऑनलाइन मोफत उतरवता येतात आणि त्यांत राखीव वनाच्या हद्दी दाखवलेल्या असतात. याउलट मोबाइलच्या नकाशावरचा हिरवा रंग काहीच सिद्ध करत नाही. तो सागाचा असेल, संत्र्याच्या बागेचा असेल, नाहीतर पावसाळ्यानंतरच्या तरोट्याचा.

वऱ्हाडात आणखी एक जात आहे जमिनीची: ई-क्लास. गुरं चारायला राखलेली ही सरकारी जमीन वन विभागाची नसते, महसूल खात्याची असते. त्यामुळे 'ई-क्लासवर चालतं' असं कुणी ना कुणी सांगतंच. चालतं असं कुठे लिहिलेलं नाही. जमीन गावाच्या वापराची आहे, तेव्हा ग्रामपंचायतीत किंवा तलाठ्याकडे एक शब्द टाकणं हेच बरोबर. शिवाय कागदावर पडीत असलेल्या अशा जमिनीवर प्रत्यक्षात कुणाची तरी तूर उभी असल्याचंही आढळतं.

शेकोटीबद्दल वेगळं बोलायला हवं, कारण तंबूपेक्षा जास्त नुकसान तीच करते. 'शेकोटी असली की जनावर फिरकत नाही' हा भरवसा पोकळ आहे. विझत आलेल्या निखाऱ्यांना बिबट्या घाबरेलच असं नाही. अजिंठ्याचं जंगल पानझडीचं. जानेवारीनंतर सागाची पानं पापडासारखी वाजायला लागतात, तळाला गवत वाळलेलं असतं, आणि १५ फेब्रुवारी ते १५ जून हा वन विभाग वणव्याचा काळ धरतो. वनमजूर उन्हातान्हात जाळरेषा काढून ठेवतात, आणि एक ठिणगी ती मेहनत तासाभरात वाया घालवते. 'पडलेली वाळकी काटकी कुणाचीच नसते' हाही समज खोटा. जंगलातलं लाकूड, उभं असो वा पडलेलं, कायद्याच्या व्याख्येत वनोपजच आहे.

बाकीचे गैरसमज थोडक्यात उरकू.

नाल्यातली कोरडी वाळू म्हणजे मऊ गादी: हो, वरच्या अंगाला पाऊस होईपर्यंत. जुलै २०२३ मध्ये जळगाव जामोद आणि संग्रामपूर तालुक्यांत सातपुड्यातून उतरलेल्या पाण्याने शेतंच्या शेतं खरवडून नेली. हिवाळ्यातही अवकाळी काही सांगून येत नाही.

पाण्याशेजारी तंबू उत्तम: पाण्यावर रात्री जनावरं उतरतात, त्यांची वाट अडवू नये. साठेक मीटर अंतर ठेवावं आणि भांडी पाण्यात घासू नयेत.

काळ्या मातीत झोपायला मऊ: एक सर आली की तंबूसकट चिखल. मुरमाड, किंचित उताराची जमीन बघावी.

तंबूभोवती मीठ, लसूण किंवा दोर टाकला की साप येत नाही: येतो. मण्यार तर रात्रीच फिरते, जमिनीवर झोपलेल्यांना चावते आणि तिचा दंश बहुधा दुखतही नाही. चेन लावलेला तंबू हाच उपाय, आणि दंशाची शंका जरी आली तरी मांत्रिक नव्हे, दवाखाना.

मोठ्या झाडाखाली निवांत: आधी वर बघा. आग्या मोहोळ आणि वाळलेली फांदी, दोन्ही खालून सहज नजरेआड होतात.

गावातला माणूस सोबत असला की परवानगी लागत नाही: त्याचे हक्क त्याच्यापुरते असतात, ते पाहुण्याला लागू होत नाहीत.

गाडीत झोपलं तर तो मुक्काम नव्हे: राज्याने २०२१ मध्ये कॅराव्हॅन पर्यटनाचं धोरण आणलं खरं, पण त्याने राखीव वनाची दारं उघडलेली नाहीत.

तेव्हा पुढच्या वेळी दुचाकीला तंबू बांधण्याआधी गट नंबर बघा, मालकाला फोन करा, दिवस मावळायच्या आत पोचा आणि स्टोव्ह वावरात, काडीकचऱ्यापासून लांब पेटवा. वनात जायचंच असेल तर लेखी परवानगी खिशात असू द्या. आणि डोंगरात कुठेही धूर उठताना दिसला, तर महाराष्ट्र वन विभागाचा १९२६ हा टोल फ्री क्रमांक आहे, तो लावा.