मोटारीची डिस्क : झीज कोणती आणि दोष कोणता?

मोटार विकत घेणारा मनुष्य इंजिनाची शक्ति विचारतो, वेग विचारतो, एका लिटरांत गाडी किती धांवेल तेंहि विचारतो. ती गाडी थांबविणाऱ्या बिडाच्या तबकड्यांविषयीं मात्र तो सहसा कांहीं विचारीत नाहीं. मग वीस-पंचवीस हजार किलोमीटर झाल्यावर एके दिवशीं ब्रेक दाबतांच स्टिअरिंग हातांत थरथरूं लागतें. सर्व्हिस सेंटरमध्यें ‘डिस्क झिजली आहे, बदलावी लागेल’ असें सांगण्यांत येतें, आणि हमीपत्र पुढें करतांच ‘झीज वॉरंटींत बसत नाहीं’ असें उत्तर मिळतें. मालकाला वाटतें कीं आपण फसलों. विक्रेत्याला वाटतें कीं मालकानें गाडी बेफाम हांकली. दोघांपैकीं कोणाचें म्हणणें खरें, हें पुष्कळ वेळां ती तबकडीच सांगूं शकते. तिची परीक्षा करण्याची रीत मात्र माहीत असली पाहिजे.

हा वाद आतां मुंबई-पुण्याच्या श्रीमंत वस्त्यांपुरता उरलेला नाहीं. घोड व भीमा या दोन नद्यांमधील शिरूर तालुक्यांत मांडवगण फराटा हें उसाच्या पट्ट्यांतील गांव आहे. याच तालुक्यांत, महागणपतीच्या क्षेत्रामुळें पूर्वापार प्रसिद्ध असलेल्या रांजणगांवीं, फियाट व टाटा यांच्या भागीदारींतून उभा राहिलेला मोटारींचा कारखाना आहे. एके काळीं मुंबईंत कुर्ल्याला तयार होणारी प्रीमियर पद्मिनी ही फियाटच्याच आराखड्यावरची गाडी घरोघर माहीत होती. तिच्या चारहि चाकांना ड्रम ब्रेक असत. २०१५ सालच्या ऑक्टोबरांत रांजणगांवची अबार्थ पुंटो बाजारांत आली. तिचें इंजिन १४५ अश्वशक्तीचें होतें व चारहि चाकांना डिस्क ब्रेक होते. पुंटोचें उत्पादन पुढें बंद झालें. परंतु २०१७ पासून तेथें तयार होऊं लागलेल्या जीप कंपासलाहि चारहि चाकांना डिस्कच आहेत. अशा जोरकस गाड्या कारखान्यांतून निघतात, आणि हंगामांत त्याच तालुक्याच्या रस्त्यांवर उसाच्या ट्रॅक्टरांमागून पदोपदीं ब्रेक दाबीत त्यांना जावें लागतें.

ब्रेक गाडीचा वेग गिळून टाकीत नाहींत. ते त्याचें उष्णतेंत रूपांतर करितात. बाराशें किलो वजनाची गाडी ताशीं १०० किलोमीटर वेगानें जात असतां तिच्यांत सुमारें ४६३ किलोजूल इतकी शक्ति असते. ती गाडी एकदां पूर्ण थांबविली, तर निर्माण होणाऱ्या उष्णतेनें २५ अंशांचें जवळजवळ दीड लिटर पाणी उकळीला येईल. ही शक्ति वेगाच्या वर्गाच्या प्रमाणांत वाढते. ताशीं ५० च्या वेगाला जी उष्णता, तिच्या चौपट १०० ला आणि सोळापट २०० ला. दुप्पट वेग म्हणजे दुप्पट ताप, असें समजणाऱ्या चालकाचा हिशेब येथेंच चुकतो. शिवाय ब्रेक दाबतांच गाडीचा भार पुढें झुकतो. त्यामुळें या उष्णतेचा मोठा वांटा पुढच्या दोन डिस्कांना सोसावा लागतो.

घाटांत तर हा भार आणखी वाढतो. लोणावळ्याहून खोपोलीला उतरणारी गाडी सुमारें साडेपांचशें मीटर खालीं येते. हवेचा व रस्त्याचा अवरोध हिशेबांत न धरिला, तर केवळ ब्रेकवर हा घाट उतरणें म्हणजे ताशीं १०० च्या वेगावरून तीच गाडी चौदा वेळां थांबविण्यासारखें आहे. गाडी खालच्या गिअरमध्यें उतरविली तर यांतला पुष्कळसा भार इंजिन उचलतें. पेट्रोल वांचविण्याच्या भ्रमानें ती न्यूट्रलमध्यें सोडली, तर तो सगळा भार ब्रेकांवर पडतो.

बहुतेक गाड्यांची डिस्क बिडाची, म्हणजे ओतीव लोखंडाची असते. बीड स्वस्त असतें, उष्णता चांगली वाहून नेतें, आणि त्याच्या अंगांत ग्राफाइटचे पापुद्रे असल्यामुळें थरथरहि जिरवितें. डिस्कला दोहों बाजूंनीं दाबणारे पॅड तिच्याहून लवकर झिजावे, अशी सामान्यतः योजना असते. परंतु वेगवान गाडीचे पॅड पुष्कळदां अशा मसाल्याचे असतात कीं, फार तापल्यावरहि त्यांची पकड सुटूं नये. असा पॅड डिस्कलाहि अधिक खातो. म्हणून साध्या गाडीपेक्षां वेगवान गाडीची डिस्क लवकर बदलावी लागली, एवढ्यावरून ती सदोष ठरत नाहीं. कांहीं फार महाग गाड्यांना कार्बन व सिलिकॉन कार्बाइड यांच्या सिरॅमिक डिस्क असतात. शहरांतील वापरांत त्या दीर्घकाळ टिकतात; शर्यतीच्या मैदानावर वारंवार अतितप्त झाल्या तर मात्र त्यांतील कार्बन हळूहळू जळूं लागतो. त्यांची झीज केवळ जाडीवरून कळत नाहीं. वजन करून पाहावें लागतें.

डिस्क अकालीं झिजण्याचीं कारणें अनेक आहेत, आणि बहुतेक कारणें आपली खूण मागें ठेवतात. पुढच्या दोन्ही डिस्क सारख्याच झिजल्या असतील, तर बहुधा तो वापराचा परिणाम होय. एकाच चाकाची डिस्क झिजली, किंवा आंतला पॅड संपला आणि बाहेरचा तसाच राहिला, तर कॅलिपरची पिन किंवा पिस्टन अडकल्याचा संशय घ्यावा. पृष्ठभागावर गोल गोल चर पडले असतील, तर मध्यें खडी-माती शिरली असेल किंवा पॅड पार धातूपर्यंत झिजला असेल. निळसर डाग व केसासारखे बारीक तडे ही अति उष्णतेची खूण. गंजाचे खोल खड्डे दिसले, तर गाडी फार दिवस ओल्यांत उभी होती असें समजावें. केवळ रविवारीं बाहेर निघणाऱ्या हौशी गाड्यांना हें दुखणें विशेष जडतें. पावसाळ्यांत एका रात्रींत चढलेला तांबूस गंज सकाळीं चार वेळां ब्रेक दाबल्यावर निघून जातो. चार महिने चढलेला गंज मात्र बीड पोखरतो. याउलट, पृष्ठभाग झिजूं लागल्यावर आंतून बारीक छिद्रें उघडीं पडलीं, तर तो ओतकामाचा दोष असण्याचा संभव असतो. तेथें चालकाकडे बोट दाखवितां येत नाहीं.

थरथरीविषयीं एक समज दूर केला पाहिजे. ब्रेक दाबतांना स्टिअरिंग थरथरलें कीं ‘डिस्क बेंड झाली’ असें गॅरेजांत सर्रास म्हणतात. वास्तविक डिस्क वांकलेली क्वचितच असते. तिची जाडी सर्व ठिकाणीं सारखी राहिलेली नसते, किंवा पॅडचा मसाला कोठें जाड व कोठें पातळ असा चिकटलेला असतो. जाडींतला दोन-तीन शतांश मिलिमीटरांचा फरकहि चालकाच्या हातांना जाणवूं शकतो. चाकाचे नट कमी-अधिक आवळल्यानें, किंवा डिस्क जेथें बसते त्या हबवर गंज राहिल्यानें, डिस्क फिरतांना किंचित् डुलूं लागते आणि त्यांतूनच पुढें ही असमान झीज होते. म्हणून चाकाचे नट नुसत्या अंगबळानें न आवळतां टॉर्क पान्यानें, ठरलेल्या मापानें आवळण्याचा आग्रह धरावा.

आतां हमीपत्राकडे वळावें. कारखानदार गाडीच्या निर्दोष घडणीची हमी देतो. प्रत्येक भाग अमुक वर्षें टिकेलच, असें तो म्हणत नाहीं. म्हणून पॅड, क्लच प्लेट, वायपरचें रबर हे वापरानें झिजणारे भाग बहुतेक हमीपत्रांत वगळलेले असतात. डिस्कहि कित्येकदां त्याच यादींत असते. कांहीं ठिकाणीं तिला थोड्या मुदतीची वेगळी हमी असते. गाडी शर्यतींत वापरणें किंवा तिच्या मूळ रचनेंत फेरफार करणें हीं हमी नाकारण्याचीं नेहमींचीं कारणें आहेत. हीं कलमें गाडी घेण्यापूर्वीं वाचावयाचीं असतात. लोक तीं वाद उपस्थित झाल्यावर वाचतात. मात्र झिजणारा भाग वगळला म्हणजे त्या भागाचा घडणीचा दोषहि आपोआप वगळला गेला, असें नव्हे. ‘डिस्क झिजली’ आणि ‘अडकलेल्या कॅलिपरनें डिस्क झिजविली’ हीं दोन वाक्यें ऐकावयास सारखीं वाटतात. पण पहिल्याचा खर्च मालकावर पडतो, तर कॅलिपर घडणीच्या दोषामुळें मुदतीच्या आंत अडकला असल्यास दुसऱ्याचा खर्च मागण्याचा त्याला आधार मिळतो.

शिवाय कायद्याचा आधार निराळा आहेच. १९३० च्या मालविक्रीच्या कायद्यांतील १६ व्या कलमाप्रमाणें, कांहीं मर्यादांत, विकलेला माल उपयोगास योग्य असावा अशी अट विक्रींतच अंतर्भूत मानितात. २०१९ चा ग्राहक संरक्षण कायदा २० जुलै २०२० पासून अमलांत आला. त्याप्रमाणें ग्राहक जेथें राहतो त्या जिल्ह्यांतहि त्याला तक्रार करितां येते; गाडी मुंबईंत घेतली म्हणून मांडवगणच्या रहिवाशानें मुंबईला खेटे घालावयास नकोत, पुण्याच्या जिल्हा आयोगाकडे त्याला जातां येतें. २०२१ च्या नियमांप्रमाणें पन्नास लाख रुपयांपर्यंत किंमत दिलेल्या मालाच्या तक्रारी जिल्हा आयोग ऐकतो. तक्रार कारण घडल्यापासून दोन वर्षांच्या आंत करावी लागते. परीक्षेवांचून दोष ठरत नसेल, तर आयोग तो भाग योग्य प्रयोगशाळेकडे पाठवूं शकतो.

मागणीलाहि मर्यादा असते, हें विसरूं नये. मारुति उद्योग या कंपनीच्या एका खटल्यांत क्लचच्या तक्रारीवरून संपूर्ण गाडी बदलून देण्याचा हुकूम झाला होता. २००६ सालीं सर्वोच्च न्यायालयानें तो कायम ठेविला नाहीं. हमीपत्रांत सदोष भाग दुरुस्त करण्याची वा बदलण्याची अट असतां गाडीच बदलून मागतां येत नाहीं, असें ठरविलें, आणि ग्राहकाला भरपाई देवविली. डिस्क खराब निघाली म्हणून नवी गाडी मागणाऱ्यानें हा निकाल ध्यानांत ठेवावा.

या सर्व वादांत निर्णायक ठरते ती मोजलेली जाडी. बहुतेक बिडाच्या डिस्कांवर कमींत कमी जाडीचा आंकडा कोरलेला असतो. समजा, नवी डिस्क २२ मिलिमीटर जाड आहे व मर्यादा २० ची आहे. म्हणजे तिचें सारें आयुष्य दोन मिलिमीटरांचें. दहा हजार किलोमीटरांनंतर दोन्ही बाजूंच्या डिस्क २१·६ भरल्या, तर त्याच वापरानें त्या पन्नास हजारांपर्यंत पुरतील असा अंदाज बांधतां येतो. पण डावी २१·६ आणि उजवी २०·९ भरली, तर उजव्या चाकांत कांहीं बिघाड आहे असें तो आंकडाच सांगतो, आणि तेंहि डिस्क निकामी होण्याच्या आधीं. म्हणून प्रत्येक सर्व्हिसच्या वेळीं डिस्कांची जाडी मायक्रोमीटरनें मोजवून घ्यावी आणि जॉब कार्डावर तारीख व किलोमीटर यांसह लिहवून घ्यावी. या कामाला पांच-दहा मिनिटें पुरतात.

मर्यादेपेक्षां पातळ झालेली डिस्क काटकसर म्हणून वापरीत राहूं नये. ती लवकर तापते, तिला तडे जाण्याचा संभव वाढतो, आणि ब्रेकची खरी गरज घाटाच्या उतारावर लागते. डिस्क बदलावयाची झाल्यास पुढच्या दोन्ही किंवा मागच्या दोन्ही एकदमच बदलाव्या, पॅडहि नवे घालावे आणि पहिलीं कांहीं शंभर किलोमीटर जोराचे ब्रेक शक्यतों टाळावे, म्हणजे दोघांचे पृष्ठभाग एकमेकांवर नीट बसतात. दोषाविषयीं वाद चालू असेल तर उतरविलेली जुनी डिस्क भंगारांत जाऊं देऊं नये. ती पावतीसह घरीं जपून ठेवावी. प्रयोगशाळेला तपासावयाची असते ती तीच.