शाळेतला थ्रिलर : चूक कुठली आणि भगदाड कुठलं?

थ्रिलर संपला की घराघरांत दोन पक्ष पडतात. एक म्हणतो, ‘काय जमवलंय!’ दुसरा बोटं मोडत चुका काढायला बसतो. मघाशी त्या पोरीचं दप्तर उजव्या खांद्यावर होतं, मग डाव्यावर कसं आलं? मुख्याध्यापकांच्या खोलीतलं घड्याळ तासभर दहावरच का? आणि एवढं होऊनही कुणी पोलिसांना फोन का केला नाही? या तिन्ही तक्रारींना हल्ली सरसकट ‘प्लॉटहोल’ म्हणतात. खरं तर पहिल्या दोन एका जातीच्या आहेत आणि तिसरी वेगळ्याच.

शाळेत घडणारे थ्रिलर या खेळाला फार सोयीचे असतात. घंटा, गणवेश, हजेरी, फळ्यावरची तारीख, रांगेतली जागा, सगळं नियमात बांधलेलं. त्यामुळे जरा काही हललं की नजरेत भरतं. उदाहरणासाठी या प्रकारातला एक जुना, नावाजलेला चित्रपट घेऊ : आंरी-जॉर्ज क्लूझो या फ्रेंच दिग्दर्शकाचा ‘ले दियाबोलिक’ (१९५५). पॅरिसजवळची मुलांची निवासी शाळा. मुख्याध्यापक मिशेल क्रूर आणि चिक्कू, शाळा मात्र त्याच्या बायकोच्या, क्रिस्तिनाच्या पैशावर चालणारी. क्रिस्तिनाचं हृदय नाजूक. त्याच शाळेतली शिक्षिका निकोल ही मिशेलची प्रेयसी. त्याच्या छळाला कंटाळून या दोघीच त्याचा काटा काढायचं ठरवतात.

चित्रपट संपल्यावर पडद्यावर एक विनंती झळकते : शेवट मित्रमंडळींना सांगू नका. हा लेख ती विनंती पाळणार नाही. ज्यांना चित्रपट पाहायचा आहे त्यांनी आधी पाहून घ्यावा.

गैरसमज : चित्रपटातली कुठलीही चूक म्हणजे प्लॉटहोल.

वस्तुस्थिती : चुका किमान चार जातींच्या असतात. एका शॉटमधून दुसऱ्यात जाताना वस्तू, कपडे, उजेड किंवा वेळ जुळली नाही, तर ती सलगतेची म्हणजे कंटिन्युइटीची चूक. कायदा, वैद्यक, इतिहास यांतलं काही चुकलं, तर ती माहितीची. घडू शकतं पण सहजी घडणार नाही, असं काही दाखवलं तर तो न पटणारा योगायोग. आणि चित्रपटाने स्वतःच सांगितलेली गोष्ट स्वतःच खोटी पाडली, तीही अशी की त्यावर उभी असलेली कथाच कोसळावी, तर ते भगदाड. प्लॉटहोल हा शब्द या चौथ्या जातीसाठी राखून ठेवावा.

‘शोले’चं उदाहरण घ्या. रामगढमध्ये वीज नाही, घरात कंदील लागतात, मग वीरू ज्या टाकीवर चढतो तिच्यात पाणी कसं चढतं? हा प्रश्न इतक्या वेळा विचारला गेलाय की तो भगदाडच वाटू लागलाय. पण विहिरीवर डिझेल इंजिन बसवलं की विजेशिवाय पाणी टाकीत चढतं आणि आपल्याकडच्या खेड्यांत ते चढवलंही जात होतं. चित्रपटाने हे सांगितलेलं नाही, एवढंच. न सांगणं आणि खोटं पडणं यांत फरक आहे.

गैरसमज : कंटिन्युइटीची चूक म्हणजे सेटवरच्या लोकांचा निष्काळजीपणा.

वस्तुस्थिती : कधी असतोही, पण बहुतेकदा कारण वेगळं असतं. चित्रपट पहिल्या दृश्यापासून शेवटापर्यंत ओळीने चित्रित होत नाही. वर्गातली सगळी दृश्यं एकदम उरकली जातात, मग ती कथेत सुरुवातीला असोत की शेवटी. एकच संवाद दोन्ही बाजूंनी घ्यायचा तर मध्ये दिवे हलवायला तास-दोन तास जातात. तोवर खिडकीतला सूर्य सरकलेला असतो, नटाचा भांग बदललेला असतो. म्हणूनच कुठल्या टेकला पेला कुठल्या हातात होता, बटणं किती लावली होती, हे टिपून ठेवणारा माणूस सेटवर नेमलेला असतो. पूर्वी हे वहीत लिहून आणि रेखाटून व्हायचं, मग झटपट छपाईचे फोटो आले, आता मोबाइल आणि टॅबलेट.

मुलं असली की गुंता वाढतो. आपल्याकडे बालकामगारविषयक नियमांत २०१७ साली झालेल्या दुरुस्तीनुसार बालकलाकाराला दिवसात पाच तासांपेक्षा जास्त आणि विश्रांतीशिवाय सलग तीन तासांपेक्षा जास्त काम देता येत नाही. सलग २७ दिवसांपेक्षा जास्त कामही नाही. नियम योग्यच आहेत. पण मग वर्गातल्या तीस मुलांचे शॉट आणि शिक्षिकेचे जवळून घेतलेले शॉट वेगवेगळ्या वेळी घ्यावे लागतात. शिक्षिका बोलत असताना समोर मुलं नसतातही. तिसऱ्या बाकावरचा मुलगा पुढच्या शॉटमध्ये चौथ्यावर दिसला, तर बऱ्याचदा कारण हे असतं.

‘अ थर्सडे’ (२०२२) या हिंदी थ्रिलरमध्ये मुंबईतल्या प्लेस्कूलची शिक्षिका मुलांना ओलीस धरते. गोष्ट एका दिवसाची, म्हणजे सगळ्यांचे कपडे तेच, केस तसेच, चित्रीकरण मात्र अनेक दिवस चाललेलं. त्यात पोलीस अधिकाऱ्याची भूमिका करणारी नेहा धुपिया तेव्हा खरोखर गरोदर होती. चित्रपटातली ती अधिकारीही गरोदर दाखवली आहे. लपवायला गेलं असतं तर शॉटागणिक प्रश्न उभा राहिला असता.

गैरसमज : नीट पाहणाऱ्याच्या नजरेतून अशी चूक सुटत नाही.

वस्तुस्थिती : सुटते, आणि सर्रास सुटते. अमेरिकेतले मानसशास्त्रज्ञ डॅनियल लेविन आणि डॅनियल सायमन्स यांनी १९९७ साली प्रसिद्ध केलेला प्रयोग पाहा. त्यांनी टेबलापाशी बसून बोलणाऱ्या दोन स्त्रियांची छोटी फिल्म बनवली आणि तिच्यात मुद्दाम नऊ चुका पेरल्या. एका शॉटमध्ये गळ्यात स्कार्फ, पुढच्यात नाही. एकात ताटल्या लाल, पुढच्यात पांढऱ्या. फिल्म पाहणाऱ्या दहा जणांपैकी एकाच्याच काहीतरी लक्षात आलं, तेही मोघम. दुसऱ्या फिल्ममध्ये तर खोलीतून उठलेला माणूस एक आणि दाराबाहेर फोन घेणारा दुसराच होता, कपडेही वेगळे. सुमारे दोन तृतीयांश प्रेक्षकांना पत्ता लागला नाही.

हे लोक दुर्लक्ष करत नव्हते. मेंदू गोष्टीचा धागा धरून ठेवतो, बाकीचं सोडून देतो. हिचकॉकच्या ‘नॉर्थ बाय नॉर्थवेस्ट’मध्ये (१९५९) माउंट रशमोरजवळच्या उपाहारगृहात गोळी सुटते, त्याच्या क्षणभर आधीच मागे बसलेला एक मुलगा कानांत बोटं घालतो. आधीच्या टेकमध्ये आवाज ऐकलेला असणार! पहिल्यांदा पाहताना तो मुलगा फारसा कुणाला दिसत नाही, कारण नजर पिस्तुलावर असते. म्हणून चुका सापडतात त्या दुसऱ्या-तिसऱ्या वेळी, किंवा मोबाइलवर चित्र थांबवल्यावर. तसं पाहणं गैर नाही, पण दिग्दर्शकाने चित्रपट त्यासाठी बनवलेला नसतो.

गैरसमज : थ्रिलरमध्ये काही जुळलं नाही, तर ती चूकच.

वस्तुस्थिती : थ्रिलरचा कच्चा मालच न जुळणाऱ्या गोष्टी. ‘ले दियाबोलिक’ची मांडणी जवळून पाहू.

सुट्टीत क्रिस्तिना आणि निकोल नियोर गावातल्या निकोलच्या घरी जातात. घटस्फोट हवाय, असा फोन करून मिशेलला तिथे बोलावून घेतात. दारूत गुंगीचं औषध. तो आडवा झाल्यावर दोघी त्याला उचलून पाण्याने भरलेल्या टबात ठेवतात. निकोल त्याला खाली दाबून धरते. मग प्रेत वेताच्या मोठ्या पेटाऱ्यात घालून शाळेत आणतात आणि रात्री तिथल्या गढूळ जलतरण तलावात लोटून देतात. आपोआप वर येईल, अपघात वाटेल, असा हिशेब. प्रेत वर येत नाही. शेवटी तलाव उपसला जातो. तळाशी प्रेत नाहीच.

मग धोब्याकडून एक सूट इस्त्री होऊन परत येतो. मिशेल मेला तेव्हा अंगावर होता तोच. मोईने नावाचा विद्यार्थी सांगतो की मुख्याध्यापकांनी माझी बेचकी काढून घेतली. शाळेचा समूह-फोटो निघतो, त्यात मागच्या खिडकीच्या काचेआड एक पुसट चेहरा दिसतो.

भिजलेला सूट पुढच्या प्रसंगात कोरडा दिसला तर आपण एरवी कंटिन्युइटीच्या नावाने बोटं मोडली असती. इथे तोच पुरावा आहे. मिशेल मेलेलाच नाही. तो आणि निकोल एकाच कटात आहेत आणि क्रिस्तिनाला भीतीने मारून तिची मालमत्ता घ्यायची आहे. म्हणून प्रत्येक खटकणाऱ्या गोष्टीचं उत्तर मिळतं : औषध कुणी घातलं? निकोलने. टबात दाबून कुणी धरलं? निकोलने. प्रत्येक नाजूक क्षणी सूत्रं तिच्याच हातात आहेत. चित्रपटाने ते लपवलेलं नाही, आपणच ते तिच्या धीटपणाच्या खात्यावर टाकलं.

कमकुवत जागा आहेतच. टबात श्वास रोखून पडणं, पेटाऱ्यातला तो प्रवास, आणि मुख्य म्हणजे क्रिस्तिनाचं हृदय बरोबर ठरल्या वेळी बंद पडणं. हे सगळं जुळून येणं कठीण, पण अशक्य नाही. हृदयाचा आजार तर चित्रपटाने आधीच नोंदवून ठेवलाय. तेव्हा हे न पटणाऱ्या योगायोगाच्या खान्यात जाईल, भगदाडाच्या नाही.

गैरसमज : पात्र मूर्खासारखं वागलं, म्हणजे पटकथा फसली.

वस्तुस्थिती : ‘पोलिसांकडे का गेली नाही?’ हा प्रश्न प्रेक्षकाच्या खुर्चीतून सोपा आहे. क्रिस्तिनाच्या जागेवरून पाहा. तिच्या समजुतीप्रमाणे तीच खुनी आहे. घटस्फोट तिच्या धर्मश्रद्धेत बसत नाही. तिला धीर देणारी एकटी निकोल. अशी बाई पोलीस ठाण्यात जाईल कशी? जी चूक पात्राच्या स्वभावातून आणि परिस्थितीतून निघते ती पटकथेची चूक नसते. पात्राला आधी हुशार दाखवून ऐन वेळी कथेच्या सोयीसाठी बावळट केलं, तर मात्र तक्रार रास्त. ‘अ थर्सडे’मध्ये ओलीस धरणारीला भेटायला पंतप्रधान स्वतः प्लेस्कूलमध्ये येतात. सुरक्षायंत्रणा हे होऊ देईल यावर विश्वास बसत नाही. ही तक्रार योग्य, पण तिचं नाव ‘अविश्वसनीय’. कथेचा धागा त्यामुळे तुटत नाही.

गैरसमज : शेवटी प्रश्न उरला, म्हणजे भगदाड राहिलं.

वस्तुस्थिती : निवृत्त पोलीस अधिकारी फिशे गुन्हेगारांना पकडतो. क्रिस्तिना गेलेली आहे. मग मोईने पुन्हा बेचकी घेऊन दिसतो आणि म्हणतो, बाईंनी परत दिली. सगळे म्हणतात, पोरगा खोटारडा. पण मागच्या वेळी, मुख्याध्यापक दिसले असं तो म्हणाला तेव्हाही सगळ्यांनी त्याला खोटंच ठरवलं होतं, आणि तो खरं बोलत होता. दिग्दर्शकाने आधी मुलाची साक्ष खरी ठरवली आणि मग गाठ मोकळी सोडली. बाई जिवंत आहेत की नाहीत, हे आपल्यावर सोपवलंय. उत्तर राहून गेलं आणि उत्तर मुद्दाम दिलं नाही, यांतला फरक ओळखायची खूण हीच : आधी पेरणी झाली होती का?

गैरसमज : चुकांची यादी जितकी लांब, तितका चित्रपट वाईट.

वस्तुस्थिती : ‘अपोकॅलिप्स नाऊ’ आणि ‘द इंग्लिश पेशंट’चा संकलक वॉल्टर मर्च याने शॉट कुठे कापायचा याचे सहा निकष सांगितलेत आणि त्यांना टक्केवारीत वजनही दिलंय. भावनेला ५१ टक्के, कथेला २३, आणि जागेच्या सलगतेला शेवटचे ४. म्हणजे ज्या टेकमध्ये नटीचे डोळे खरे बोलतात, त्यात पेला चुकीच्या हातात असला तरी संकलक तोच टेक ठेवतो. ती चूक त्याला दिसलेली असते. राहून गेलेल्या उत्तरानेही चित्रपट बुडतोच असं नाही. ‘द बिग स्लीप’मधल्या (१९४६) ड्रायव्हरला कुणी मारलं, हे मूळ कादंबरीकार रेमंड चँडलरलाही सांगता आलं नाही, हा किस्सा प्रसिद्ध आहे. चित्रपट आजही पाहिला जातो.

तेव्हा पुढचा थ्रिलर पाहाल तेव्हा चुका जरूर शोधा, पण शिक्का मारण्याआधी तीन गोष्टी विचारा. हे चित्रपटाने सांगितलं नाही, की सांगितलेलं खोटं पाडलं? हे अशक्य आहे, की नुसतं अवघड? आणि ही गोष्ट काढून टाकली तर कथा पडते का? तिन्ही उत्तरं चित्रपटाच्या विरोधात गेली तर खुशाल प्लॉटहोल म्हणा. या कसोटीवर ‘ले दियाबोलिक’मध्ये ताणलेले योगायोग भरपूर सापडतात, भगदाड एकही नाही.