खडा विहिरीतून येत नाही

पोखर्णीच्या नृसिंहाला जाताना परभणी-गंगाखेड रस्त्याच्या कडेने काळी जमीन लागते. या पट्ट्यात नांगरटीनंतर चुनखडीचे पांढरे गोळे उघडे पडतात, बेसाल्टच्या पोकळ्यांत कॅल्साइटचे स्फटिक सापडतात. अशा खडकातलं पाणी जड असतं. डाळ लवकर शिजत नाही, भांड्याला पांढरा थर धरतो. म्हणूनच घरात कुणाच्या सोनोग्राफीत पित्ताशयात खडे निघाले की पहिला आळ बोअरवर येतो आणि दुसरा टोमॅटो-पेरूच्या बियांवर. दोन्ही आळ खोटे आहेत.

बियांना आतड्यातून पित्ताशयाकडे जायला वाट नाही. पाण्यातल्या कॅल्शियमचं म्हणाल, तर रक्तात ते किती राहायचं हे शरीरातली संप्रेरकं फार काटेकोरपणे ठरवतात. विहीर बदलल्याने पित्तातलं कॅल्शियम बदलत नाही.

बहुतेक पित्तखड्यांचा मुख्य घटक खनिज नसतोच, तो असतो कोलेस्टेरॉल. मुळात कोलेस्टेरॉल हा पदार्थ माणसाला प्रथम सापडला तोच अठराव्या शतकात, पित्तखड्यांत. यकृत दिवसाला सुमारे पाऊण लिटर पित्त तयार करतं. त्यातलं काही पित्ताशयात साठतं आणि तिथे पाणी शोषलं जाऊन कित्येक पटींनी दाट होतं. कोलेस्टेरॉल पाण्यात विरघळत नाही. पित्तक्षार आणि लेसिथिन त्याला सूक्ष्म कणांत धरून ठेवतात. विल्यम अॅडमिरँड आणि डोनाल्ड स्मॉल यांनी १९६८ साली दाखवून दिलं, की या तिघांचं प्रमाण ठरावीक मर्यादेबाहेर गेलं की कोलेस्टेरॉल स्फटिकरूपात बाहेर पडू लागतं.

पण प्रमाण बिघडलेल्या प्रत्येकाला खडा होत नाही. स्फटिकाला धरायला काहीतरी लागतं. खडीसाखर जशी पाकात सोडलेल्या दोऱ्यावर धरते, तसे हे स्फटिक पित्ताशयाच्या अस्तरातून पाझरणाऱ्या म्युसिन या चिकट पदार्थात अडकतात. पित्ताशय नीट आकुंचन पावत नसेल तर हा गाळ तिथेच राहतो आणि वर्षानुवर्षं थरावर थर चढतात. गरोदरपणात नेमकं हेच घडतं: इस्ट्रोजेन पित्तातलं कोलेस्टेरॉल वाढवतं, प्रोजेस्टेरॉन पित्ताशयाला मंद करतं. लठ्ठपणा, मधुमेह आणि झपाट्याने घटवलेलं वजन हीही कारणं आहेत. बायकांमध्ये हे खडे जास्त का, याचं उत्तर इथे आहे. तरी घराघरांत त्यांच्या पोटदुखीला ‘अॅसिडिटी’ म्हणून वर्षानुवर्षं टाळलं जातं, याचं मला फार वाईट वाटतं.

खड्यांचा दुसरा वंश रंगद्रव्याचा. तांबड्या पेशी मोडल्या की बिलिरुबिन तयार होतं. त्याचा भार वाढला की ते कॅल्शियमशी जोडलं जाऊन काळे, ठिसूळ खडे बनतात. गडचिरोली-नंदुरबारच्या आदिवासी भागांत आढळणाऱ्या सिकलसेल आजारात लहान मुलांनाही ते होतात. पित्तनलिकेत जंतुसंसर्ग झाला की तपकिरी खडे होतात. त्यांत कॅल्शियमचे मेदाम्लांशी झालेले, साबणासारखे क्षारही असतात. आयुर्वेदातलं गोरोचन म्हणजे गुरांचा असाच बिलिरुबिनप्रधान पित्तखडा.

खरी खनिजं येतात ती या खड्यांच्या कवचात आणि थरांत: कॅल्शियम फॉस्फेट आणि कॅल्शियम कार्बोनेट. कार्बोनेट तर तिन्ही रूपांत भेटतं: कॅल्साइट, अॅरागोनाइट आणि खडकांत क्वचितच आढळणारं व्हॅटेराइट. बेसाल्टच्या पोकळीतलं खनिज माणसाच्या पोटातही घडतं, पण स्वतंत्रपणे! मात्रा थोडी असली तरी परिणाम मोठा. पुरेसं कॅल्शियम नसल्याने बहुसंख्य पित्तखडे साध्या एक्स-रेत दिसत नाहीत. म्हणून सोनोग्राफी लागते. खडा विरघळवणारं अर्सोडीऑक्सिकोलिक आम्ल फक्त लहान कोलेस्टेरॉल-खड्यांवर, तेही कित्येक महिन्यांनी चालतं. कॅल्शियमचं कवच चढलं की त्याचा उपयोग संपतो.

खडे सगळीकडे सारखे नाहीत. पश्चिम रेल्वेचे वैद्यकीय अधिकारी डॉ. एस. एल. मल्होत्रा यांनी १९६८ साली रेल्वे कामगारांचा अभ्यास प्रसिद्ध केला. त्यात उत्तर भारतीयांत हा आजार दक्षिण भारतीयांच्या सातपट आढळला. त्यांनी आहारातल्या फरकाकडे बोट दाखवलं. आज आनुवंशिकतेचाही विचार होतो.

मुतखड्यासारखा हा खडा भरपूर पाणी पिऊन किंवा पानफुटी खाऊन पडत नाही. पित्ताशय मूत्रमार्गाला जोडलेलंच नाही. बहुतेक खडे आयुष्यभर गप्प असतात आणि त्यांना सहसा हात लावावा लागत नाही. पण तेलकट जेवणानंतर उजव्या बरगडीखाली कळ येऊन ती पाठीत, खांद्यात जात असेल, तर पित्ताशय काढणं हाच टिकाऊ उपाय. दुर्बिणीतून ही शस्त्रक्रिया भारतात प्रथम डॉ. तेहमतन उडवाडिया यांनी १९९० साली मुंबईच्या जे. जे. रुग्णालयात केली. आता ती जिल्ह्याच्या ठिकाणीही होते. पित्ताशय नसलं तरी पित्त यकृतातून थेट आतड्यात उतरतं आणि पचन चालू राहतं. कळेबरोबर थंडीताप आणि डोळ्यांत पिवळेपणा दिसला, तर खडा पित्तनलिकेत अडकलेला असू शकतो. अशा वेळी काढ्यात दिवस न घालवता त्याच दिवशी रुग्णालय गाठावं.