इंदूर पद्धत: उकिरड्याला लागलेली शिस्त

गोठ्यातले शेण, जनावरांनी टाकून दिलेला कडबा, चुलीतली राख आणि अंगणातला केरकचरा वर्षभर एका जागी टाकत जाणे आणि पावसाळ्यापूर्वी तो ढीग गाड्या भरून शेतात नेणे, ही भारतातील बहुतेक खेड्यांची जुनी रीत आहे. या रीतीमागचा विचार योग्य असला तरी उघड्यावरच्या उकिरड्यात खताचा कस मोठ्या प्रमाणात वाया जातो, आणि ही हानी डोळ्यांना दिसत नसल्यामुळे तिच्याकडे फारसे लक्षही दिले जात नाही. जनावर चाऱ्यातून जे नत्र घेते त्याचा मोठा वाटा शेणातून नव्हे, तर मूत्रातून बाहेर पडतो; मूत्रातील युरियाचे थोड्याच वेळात अमोनियात रूपांतर होते, तो वायू हवेत निघून जातो, आणि गोठ्यात शिरताच नाकाला झोंबणारा दर्प म्हणजे पिकाच्या वाट्याचे उडून जाणारे नत्रच असते. उरलेल्या विद्राव्य द्रव्यांपैकी पालाश पावसाच्या पाण्याबरोबर वाहून जाते. ढिगाचा मधला भाग हवेअभावी नुसता सडतो आणि कडेचा भाग उन्हाने वाळून तसाच राहतो, त्यामुळे अर्धवट कुजलेल्या अशा खताबरोबर तणांचे जिवंत बी आणि हुमणीच्या अळ्याही शेतात पोहोचतात.

या प्रश्नाचा पद्धतशीर अभ्यास होळकरांच्या इंदुरात झाला. तेथे १९२४ मध्ये सुरू झालेल्या वनस्पती-उद्योग संस्थेत अल्बर्ट हॉवर्ड हे ब्रिटिश शास्त्रज्ञ आणि त्यांचे सहकारी, रसायनतज्ज्ञ यशवंत वाड यांनी माळव्याच्या काळ्या जमिनीत काम केले आणि १९३१ मध्ये आपले निष्कर्ष ग्रंथरूपाने प्रसिद्ध केले. जगभर ‘इंदूर पद्धत’ म्हणून ओळखली गेलेली ही रीत त्यांनी चीनमधील शेतकऱ्यांची परंपरा आणि भारतीय शेतीचा अनुभव यांच्या आधारे घडवली. हॉवर्ड यांची खरी दृष्टी दिसते ती गोठ्याच्या जमिनीत. जनावरांखाली फरशी न घालता माती पसरावी, तिने मूत्र शोषून घ्यावे, ठरावीक काळाने ती खणून काढून तिच्या जागी नवी माती भरावी आणि मूत्राने भिजलेली माती खताच्या खड्ड्यात वापरावी, अशी ही योजना होती. जे द्रव्य प्रत्येक गोठ्यात फुकट उपलब्ध असूनही वाया जात होते, ते तिने कोणत्याही खर्चाविना शेतासाठी राखले. कपाशीच्या पराट्या आणि तुरीच्या तुराट्या लाकडासारख्या टणक असल्यामुळे लवकर कुजत नाहीत, म्हणून त्या शेतातल्या रस्त्यांवर पसरल्या जात आणि गाड्यांच्या चाकांखाली व बैलांच्या खुरांखाली त्यांचा भुगा झाल्यावर आधी जनावरांखाली आणि मग खड्ड्यात जात. खड्डा उथळ, सुमारे दोन फूट खोल असे, कारण खोल खड्ड्यात हवा पोहोचत नाही. पावसाळ्यात मात्र खड्ड्यात पाणी साचू नये म्हणून जमिनीवरच ढीग रचला जाई. काडीकचरा, शेण, मूत्रमाती आणि राख यांचे थर भिजवून, सुमारे पंधरा दिवसांनी, महिन्याने आणि दोन महिन्यांनी अशी तीनदा ढिगाची उलथापालथ केली म्हणजे तीन महिन्यांत खत तयार होई.

थर, पाणी आणि उलथापालथ यांची ही काळजी सूक्ष्मजीवांसाठी असते. काडीकचऱ्यातील कर्ब हे त्यांचे ऊर्जेचे साधन आणि नत्र हे त्यांचे शरीर घडवणारे द्रव्य असल्यामुळे या दोहोंचे प्रमाण, ज्याला कर्ब-नत्र गुणोत्तर म्हणतात, सुमारे तिसास एक असले की कुजण्याची क्रिया जोमाने चालते. गव्हाच्या काडात ते ऐंशीच्या आसपास आणि शेणात वीस-पंचवीसच्या आसपास असते, म्हणून नुसते काड महिनोन् महिने तसेच पडून राहते, शेणाच्या जोडीने मात्र ते कुजते. ओलावा पन्नास-साठ टक्के आणि हवा पुरेशी असली तर ढिगाचे तापमान ५५ ते ६५ अंश सेल्सियसपर्यंत चढते; या उष्णतेतच बहुतेक तणांचे बी आणि रोगजंतू मरतात. हातात घट्ट दाबल्यावर ओल लागावी, पण पाणी गळू नये, ही ओलाव्याची सोपी खूण आहे.

इंदूर पद्धतीला मजूर पुष्कळ लागतात, आणि लहान शेतकऱ्याला ती जड जाते ती इथेच. यवतमाळ जिल्ह्यातील पुसदचे नारायण देवराव पांढरीपांडे यांनी रूढ केलेली नाडेप पद्धत ही अडचण टाळते. तिच्यात विटांच्या जाळीदार भिंतींचे, सुमारे दहा फूट लांब, सहा फूट रुंद आणि तीन फूट उंच टाके बांधतात; भिंतींतील भोकांतून हवा आपोआप आत जात असल्याने ढीग उलथावा लागत नाही. सुमारे चौदाशे-पंधराशे किलो काडीकचऱ्याला शंभर किलोच्या आसपास शेण पुरते, बाकी चाळलेली कोरडी माती आणि पाणी घालतात. शेणाच्या गोवऱ्या थापून जाळाव्या लागणाऱ्या घरांसाठी ही गोष्ट मोलाची आहे. खत तयार होण्यास तीन-चार महिने लागतात.

तयार खत काळपट, भुसभुशीत आणि पावसाच्या पहिल्या सरीनंतरच्या मातीसारख्या वासाचे असते, आणि त्यात हात घातल्यास उष्णता जाणवत नाही. ते शेतात नेल्यावर लहान-लहान ढिगांत उन्हात आठवडे राहू दिले तर टाक्यात राखलेले नत्र तेथे पुन्हा उडून जाते. म्हणून पसरणे आणि वखराच्या पाळीने ते मातीत मिसळणे, ही दोन्ही कामे शक्यतो एकाच दिवशी उरकावीत.