चोरलेले टिपण परत कसे मिळवावे?

समजा, डोंबिवलीच्या एका विज्ञानशिक्षिकेने प्रकाशाच्या अपवर्तनावर आकृत्यांसह टिपण लिहिले आणि ते त्यांच्या नावाशिवाय एका संकेतस्थळावर झळकले. बाईंना ते स्वतः हटवता येईल का?

चोरीला गेले काय, हे आपण आधी पाहू. अपवर्तनाचा नियम कोणाच्याच मालकीचा नाही. शब्दरचना आणि आकृत्या मात्र बाईंच्या. १९५७ च्या कायद्यानुसार हा हक्क लिहिताक्षणीच मिळतो, नोंदणीची सक्ती नाही. (नोकरीचे काम म्हणून लिहिलेल्या मजकुराचा हक्क सहसा संस्थेकडे जातो.) म्हणून तारखेसह मूळ मसुदा जपावा.

२०१३ च्या नियमावलीतील नियम ७५ प्रमाणे, मजकूर साठवणाऱ्या कंपनीला लेखी तक्रार द्यावी. तीत कृतीचे वर्णन, मालकीचा पुरावा, पानाचा नेमका पत्ता हवा. वर्गात शिकवण्यासाठी केलेल्या नकलेसारख्या अपवादांत ही नक्कल का बसत नाही, तेही लिहावे. खात्री पटल्यास कंपनीने ३६ तासांत मजकूर रोखायचा असतो, पण २१ दिवसांपुरताच! तेवढ्या मुदतीत न्यायालयाचा आदेश सादर झाला नाही, तर तो पुन्हा दिसू शकतो. दावा लावण्याची हमी तक्रारीतच द्यावी लागते. म्हणजे पहिली पायरी आपली आपण चढता येते, पुढची न्यायालयाची. ती मात्र दूर नाही: दावा आपण राहतो त्या जिल्ह्यातच, म्हणजे येथे ठाणे जिल्ह्यात, लावता येतो.